टॉर्च धरा, पाटील

परवा मुलाचा लॅपटॉप बंद पडला. तो म्हणाला, "बाबा, गेला हा. आता नवीनच घ्यायला हवा." मी पेपरातून मान वर काढली आणि तोंडातून निघून गेलं, "गेला म्हणजे काय? यंत्र आहे ते. त्याला रुसायला येत नाही. कारण असतंच." बोललो आणि मीच दचकलो. हे वाक्य माझं नव्हतं. वाक्याच्या शेवटी जरा वर चढणारा तो फळ्यासमोरचा आवाजही माझा नव्हता. तो इंदूबाईंचा.

मी मूळचा गडहिंग्लजकडचा. गोव्यात डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत पुठ्ठ्याची खोकी करणाऱ्या एका कारखान्यात सुपरवायझर होतो आणि बायकामुलं गावी ठेवून इंदूबाई परबांच्या घरामागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. त्यांच्या आणि माझ्या स्वयंपाकघरात एकच भिंत. भिंतीपलीकडून हाक यायची, "पाटील, टॉर्च धरा!" हाक आली की जेवत असलो तरी ताट झाकून जायचं. टॉर्च त्यांचीच असायची. माझी नेमणूक फक्त धरण्यासाठी. उजेड कुठे पाडायचा हे त्या सांगायच्या, आणि हात जरा हलला की, "पाटील, लक्ष कुठे आहे?" कारखान्यात पोरं मला बघून विड्या विझवत. इथे मी तिसरीच्या वर्गात मागच्या बाकावर बसल्यासारखा उभा असे.

समोर पलंगावर कॉम्प्युटरचा डबा आडवा पडलेला असायचा, पोट उघडं टाकून. शेजारी तिसऱ्यांच्या धुतलेल्या शिंपल्यांची रांग. रविवारी या खाडीतल्या तिसऱ्यांचं कालवण झालं की बाई मोठ्या शिंपल्या निवडून उन्हात वाळवून ठेवायच्या. एकेका शिंपलीत एकेका जागेचे स्क्रू. कुठली शिंपली आधी, कुठली नंतर, हा क्रम ठरलेला. एकदा दाजींनी, म्हणजे त्यांच्या नवऱ्यानं, गंमत म्हणून दोन शिंपल्या इकडच्या तिकडे केल्या. त्या दिवशी दाजींना दुपारचा चहा मिळाला नाही. माझा मात्र मिळाला, त्याचं दाजींना जास्त वाईट वाटलं.

बाई मराठी प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. माहेर पेडणे तालुक्यातलं, हरमलच्या अलीकडचं एक गाव. त्या गावच्या जत्रेला गावकरीच नाटक करतात. आमच्याकडं जत्रेला तमाशा आणायचा म्हटलं की पैसे देऊन आणतात. इकडे मुनीमच राजा होतो, मासे विकणारा सेनापती होतो, आणि गाव वर्षभर त्यांना त्याच नावानं हाक मारतं. या नाटकाच्या नकला करायच्या असतात. नक्कल म्हणजे एकेका नटाला त्याच्यापुरती लिहून दिलेली भाषणं, प्रत्येक भाषणाआधी समोरच्याचे शेवटचे दोन-चार शब्द. गावच्या नकला कॉलेजात असल्यापासून इंदूबाई लिहीत. अक्षर असं, की जुने नट आपल्या नकला फ्रेम करून लावल्यासारख्या जपून ठेवत. दाजींनी मला एक दाखवली होती. मी वाचायची सोडून बघतच बसलो.

मग एके सकाळी शाळेत फळ्यावर लिहिता लिहिता खडू हातातून पडला. बाईंना वाटलं, सुटला. वाकून उचलायला गेल्या तर हात जाईना. पक्षाघात. पाय सावरला, बोलणं सावरलं, उजवा हात गेला. बोटं अर्धवट मिटलेली, मनगट खाली झुकलेलं. नोकरी सोडावी लागली. हे सगळं मी येण्याआधीचं. मला कळलं ते दाजींकडून, तुकड्या-तुकड्यांत, बाई आसपास नसताना. बाई स्वतः या विषयावर एवढंच म्हणत, "माझा उजवा हात आता वजन म्हणून कामाला येतो." आणि ते खरंच होतं. कागद उडू नये म्हणून त्या हात कागदावर ठेवत. डबा सरकू नये म्हणून डब्यावर ठेवत. डाव्या हातानं उचलून, नीट, एखादी वस्तू ठेवावी तसा.

लिहिणं गेलं तेव्हा वास्कोला बंदरात नोकरी करणाऱ्या त्यांच्या भाच्यानं आपला जुना कॉम्प्युटर आणून दिला. त्याला तो टाकायचाच होता. बाई डाव्या हातानं टाइप करायला शिकल्या. दाजी म्हणत, तेव्हा घरात दिवसभर टक... टक... असा नळ गळल्यासारखा आवाज यायचा. पण त्या वर्षीच्या जत्रेच्या नकला बाईंनीच दिल्या. छापील अक्षरात, पण त्यांच्या. म्हणजे कशा, ते सांगतो. राजा होणाऱ्या बाबुशेटना दमा. त्यांची भाषणं बाई जिथे श्वास लागतो तिथे तोडून नवीन ओळीवर नेत. सेनापतीला चाळिशी लागलेली पण गावासमोर चष्मा घालायचा नाही; त्याची अक्षरं मोठी. खाणीवर यंत्रं चालवून कानानं कमी झालेल्या एका प्रधानाला समोरच्याची फक्त शेवटचे दोन-चार शब्द पुरत नसत, म्हणून त्याच्या नकलेत समोरचं अख्खं वाक्य. एका पोराची 'प'वर जीभ अडायची. त्याच्या नकलेत बाई 'पराक्रम'च्या जागी 'शौर्य' घालत आणि का ते त्याचं त्यालाही माहीत नव्हतं.

मी राहायला आलो त्या पावसात कॉम्प्युटर पहिल्यांदा बंद पडला. दाजी सरकारी बसवर कंडक्टर होते, नुकतेच निवृत्त झालेले. त्यांनी डबा स्कूटरवर पुढ्यात घेतला आणि दुकानात नेऊन दिला. दुकानदार म्हणाला, दोन दिवस. मग म्हणाला, पार्ट यायचाय. मग म्हणाला, पार्ट आलाय पण चुकीचा आलाय. गणपतीची चवथ आली नि गेली. बाई रोज संध्याकाळी बलकांवात, म्हणजे घरापुढच्या त्या बसक्या ओट्यावर, लाकडी खुर्ची, त्यांचं कदेल, टाकून रस्त्याकडे बघत बसायच्या. डावा हात मांडीवर, बोटं आपोआप हलतायत. एक दिवस मला म्हणाल्या, "पाटील, माझा हात दुकानात पडलाय हो. कोणाच्या तरी पायाशी." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते त्यांनी लपवलं नाही.

डबा परत आला तेव्हा त्याच्या झाकणाची एक बाजू हलत होती आणि मराठी टाइप करायची सगळी व्यवस्था बदललेली होती. बाईंनी ती बसवायला आठवडा घालवला. बसवून झाली तेव्हा पान लावत असलेल्या दाजींना म्हणाल्या, "आजपासून ह्याका भायरच्यांनी हात लावूंचो नाय. मी शिकतलंय."

दाजी म्हणाले, "एका हातान?"

"दोन आसत. एक धरतलो, एक करतलो."

मला वाटलं, रागाच्या भरात म्हणतायत. दुसऱ्या दिवशी हाक आली.

पहिल्यांदा डबा उघडला तेव्हा आत डिचोलीचा रस्ता निघाला. खरंच. खाणीच्या ट्रकांची तांबडी धूळ, तारांवर, पट्ट्यांवर, पंख्याच्या पात्यांवर जाड थर. मी म्हणालो, फडक्यानं पुसू. बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी टॉर्च जास्त सरळ धरली. त्यांनी कपाटातून नाटकाची रंगपेटी काढली आणि तोंडाला रंग लावायचा मऊ ब्रश घेतला. त्यानं अर्धा दिवस धूळ काढली. मग मोबाइलवर व्हिडिओ लावला, थांबवला, पुन्हा लावला. व्हिडिओतला मुलगा भराभर बोलायचा. बाई त्याला मध्येच थांबवून विचारायच्या, "कशासाठी?" तो उत्तर देत नसे. मग त्या दुसरा व्हिडिओ शोधायच्या.

त्यांचे नियम होते. एका वेळी एकच बदल. दोन गोष्टी बदलून कॉम्प्युटर चालू झाला तर शिकलात काय? काढलेली तार कुठून काढली ते मोठ्यानं बोलायचं, म्हणजे टॉर्चवाल्यानं ऐकलं पाहिजे. आणि चालू झालं की लगेच बंद करून पुन्हा चालू करून बघायचं. "एकदा आलं उत्तर म्हणजे येतं असं नाही," म्हणायच्या, "गणित पुन्हा करून दाखवलं पाहिजे."

चुका पुष्कळ झाल्या. एका तारेचं टोक ओढताना तुटलं. हवी तशी पकड डाव्या हाताला येत नव्हती. त्या दिवशी त्यांनी टोक शिंपलीत ठेवलं, उठल्या, परसात जाऊन माडाच्या बुंध्याशी उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळानं आल्या. म्हणाल्या, "तार मिळते ना वेगळी?" मी म्हापशाहून आणली. एकदा सगळं जोडून चालू केलं तर डबा नुसता शिट्ट्या मारायला लागला, दोन आखूड, जरा थांबून पुन्हा दोन. दाजी स्वयंपाकघरातून ओरडले, "आगो, तो डबल बेल मारता! गाडी सोड म्हणता!" बाई मात्र मोबाइलवर त्या शिट्ट्यांचा अर्थ शोधत बसल्या. मेमरीची पट्टी नीट बसली नव्हती. ती काढली, शाळेतल्या खोडरबरानं तिच्या सोनेरी कडेवर हलकेच घासलं, पुन्हा दाबून बसवली. पट्टी बसताना टक असा आवाज येतो. तो यायला उजव्या हातानं डबा दाबून धरावा लागतो, आणि बाईंनी उजवा हात उचलून डब्यावर ठेवला, वर आपला सगळा भार टाकला. टक. कॉम्प्युटर चालू झाला. बंद केला, पुन्हा चालू केला. पुन्हा झाला.

तो आनंद मी विसरणार नाही. बाईंनी शिरा केला. गल्लीत वाटला. समोरच्या घरातल्या म्हातारीनं विचारलं, "कोणाचो वाढदिस?" बाई म्हणाल्या, "खोडरबराचो."

त्यानंतर लहानसहान गोष्टी त्या स्वतःच करायच्या. घड्याळाची बॅटरी बदलली, तापणाऱ्या चिपवरचा लेप बदलला. दाजींनी एक छोटा स्क्रूड्रायव्हर आणून दिला, टोकाला लोहचुंबक असलेला. स्क्रू सुटून पडत नसे, टोकाला चिकटून राही. एका हाताच्या माणसाला ही केवढी मोठी सोय, हे दाजींनी न बोलता ओळखलं होतं. वर म्हणाले, "बसस्टँडर रस्त्यार गावलो." खोटं. मी त्यांच्याबरोबर म्हापशाच्या बाजारात होतो.

आता खरी गोष्ट. त्या वर्षीचा दसरा. घरात जे काम करतं त्याची पूजा. दाजींची स्कूटर, विळा, कोयता, नारळ खवायची आदोळी आणि कॉम्प्युटर. बाईंनी डबा स्वच्छ पुसला, टेबलाखाली त्याच्या जागी उभा ठेवला, हळदकुंकू लावलं, झेंडूची माळ घातली, वर कुंकवानं भिजवलेल्या अक्षता वाहिल्या. मूठभर. त्यांचं देवावर होतं त्यापेक्षा त्या डब्यावर जरा जास्तच प्रेम होतं, असं मला तेव्हा वाटलं. दाजींनी आरती ओवाळली आणि त्यालाही "पुढे चला" म्हणाले.

दसऱ्यानंतर जत्रेच्या नकलांचं काम सुरू व्हायचं. दिवाळी झाली की तालमी. तोवर नकला नटांच्या हातात हव्यात. बाई कामाला बसल्या आणि कॉम्प्युटर थोडा वेळ चालून बंद पडला. चालू केला, पुन्हा थोड्या वेळानं बंद. पडद्यावर काही सूचना नाही, शिट्टी नाही. दिवा गेल्यासारखा गप्प.

"पाटील, टॉर्च!"

मेमरीच्या पट्ट्या घासल्या. चालू केला, चालला. बंद करून चालू केला, चालला. झाकण लावलं, टेबलाखाली उभा केला, बाई टाइप करायला बसल्या. एक पान झालं नसेल, बंद. पुन्हा पलंगावर, पुन्हा झाकण उघडलं. या वेळी विजेची तार बदलली. चालला. आनंद. झाकण, टेबल, बंद. लेप नवा लावला. चालला. टेबलाखाली गेला की बंद. मला तर वाटायला लागलं, तो डबा आम्हाला बघतोय. मी तसं बोललोसुद्धा. बाई म्हणाल्या, "पाटील, यंत्राला बघता येत नाही. कारण असतंच." पण आवाज शेवटी वर चढला नाही.

त्यातच माहेरच्या गावाहून फोन आला. नाटक मंडळाचा नवा सेक्रेटरी, सुदेश. चांगला पोरगा, पण घाईचा. बाईंनी मलाही ऐकू यावं म्हणून फोन मोठ्या आवाजावर ठेवला होता की कसं, माहीत नाही.

"बाई, कॉम्प्युटर बिघडलो काय?"

"होय. करतंय सारको."

"तसां न्हंय बाई... म्हापशाक एकजण टाइप करता. दोन दिवसांत दिता. तुमकां कित्याक त्रास? दिवाळेपर्यंत जालां तर बरां, नाय तर ह्या वर्सापासून त्याकाच दिवया म्हणतत सगळे."

"ह्या वर्सापासून?"

"म्हणजे... तुमचीय आतां तब्येत..."

बाई म्हणाल्या, "दिवाळेक नकला मेळतल्यो. बाबुशेटाच्यो ओळी थंयचो मनीस कशी तोडतलो, ता त्याका विचार." आणि फोन ठेवला. मग माझ्याकडे वळून, "चला. कुठपर्यंत आलो होतो?"

मी माझ्या परीनं सांगितलं. कारखान्याच्या ऑफिसातला एक जुना कॉम्प्युटर आणून देतो, काम तर होऊ दे. बाईंनी हातातला स्क्रू शिंपलीत ठेवला. मग म्हणाल्या, "पाटील, तुम्ही चांगल्या मनानं सांगताय. पण आज दुसऱ्याचा आणला तर उद्या हा बंद पडल्यावर मी तुमच्या दाराशी उभी. परवा तुम्ही गावाला गेलात तर? माझा हात मला माझ्या घरात हवा." मी टॉर्चचे सेल बदलून आणले.

दिवस जात होते. बाहेर आकाशकंदील लागायला लागले, गल्लीतली मुलं दिवाळीत जाळायच्या नरकासुराच्या सांगाड्याला गवत बांधायला लागली. बाई सकाळी पाववाल्या पोदेराच्या पों-पों हॉर्नबरोबर उठायच्या, पाव-चहा झाला की डब्यापाशी. त्या चिडत नसत, पण एक दुपार अशी आली की स्क्रूड्रायव्हर खाली ठेवून म्हणाल्या, "हाताचं कारण डॉक्टरांनी सांगितलं. मेंदूत रक्त अडलं. पण त्याला शिंपलीत ठेवायला स्क्रू नव्हता. ह्याला आहे. ह्याला आहे आणि मला दिसत नाही." हे त्या मला सांगत होत्या की स्वतःला, कळलं नाही. मला त्या क्षणी तो डबा उचलून ओढ्यात फेकावासा वाटला.

दाजी दाराच्या चौकटीला पाठ घासत उभे होते. ते म्हणाले, "आगो, एक सांगू? तू त्याका आडवो घातलंस की तो बरो. उबो केलंस की मेलो. माजी कंबर तशीच मगे."

मी हसलो. बाई हसल्या नाहीत. त्या दाजींकडे बघत राहिल्या. मग डब्याकडे. मग पुन्हा दाजींकडे, आणि इतक्या हळू आवाजात बोलल्या की मी पुढे वाकलो, "आम्ही दर वेळेला आडवा करूनच बघितला."

खरं होतं. एका हातानं उभा डबा उघडायचा म्हणजे तो पडणार. म्हणून पहिल्या दिवसापासून डबा पलंगावर आडवा करूनच उघडायची रीत होती. ती रीत इतकी अंगवळणी पडलेली, की आडवं करणं हादेखील एक बदल आहे, हे त्या नियमवाल्या बाईंच्या ध्यानातच आलं नव्हतं. "एका वेळी एक बदल म्हणते मी," त्या पुटपुटल्या, "आणि दोन करते."

"उभा धरा, पाटील. झाकण न लावता."

"टॉर्च?"

"टॉर्च दाजी धरतील."

मी डबा उभा करून दोन्ही हातांनी धरला. दाजींनी टॉर्च घेतली. बसमध्ये अंधारात तिकिटं तपासल्यासारखी धरली. बाईंनी बटण दाबलं. बाकी सगळं सुरू झालं, पण चिपच्या डोक्यावरचा पंखा जागचा हलेना. आडवा असताना हाच पंखा गरगर फिरताना आम्ही तिघांनी कितीतरी वेळा बघितला होता. बाईंनी बटण बंद केलं. केरसुणीतला एक हीर ओढून काढला, पंख्याच्या पात्याखाली, चौकटीच्या फटीत हलकेच घातला आणि वर ओढला.

हिराच्या टोकाबरोबर तांदळाचा एक दाणा बाहेर आला आणि टपकन खाली पडला. लाल. कुंकवाचा. मागोमाग आणखी एक.

अक्षता. डब्याच्या वरच्या जाळीतून आत पडलेल्या. डबा उभा असला की पात्याखाली येऊन अडकायच्या, पंखा थांबायचा, चिप तापायची, आणि जीव वाचवायला कॉम्प्युटर स्वतःच बंद व्हायचा. आडवा केला की दाणे पंख्यामागच्या धातूच्या पट्ट्यांमध्ये घरंगळून जायचे आणि पंखा निर्धास्त फिरायचा. आम्ही दर वेळी झाकण उघडून आजार पळवून लावत होतो आणि झाकण लावून परत बोलावत होतो.

बाईंनी दाणा उचलून तळहातावर ठेवला आणि हसायला लागल्या. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "मीच घातले," म्हणाल्या. "मीच घातले हो पाटील! मूठभर!" दाजी म्हणाले, "मियां सांगलेलंय, भक्ती थोडी कमी कर." मीही हसलो, आणि हसता हसता मला कळलं की गेले कितीतरी दिवस मी श्वास अर्धाच घेत होतो.

कॉम्प्युटर उभा करून टेबलाखाली ठेवला. चालू केला. बंद करून पुन्हा चालू केला. मग बाईंनी टाइप करायला सुरुवात केली आणि भिंतीपलीकडे मला जेवताना, आंघोळ करताना, कपडे घडी घालताना ऐकू येत राहिलं, टक... टक... टक. गळणाऱ्या नळासारखं नव्हे. आता वेग आला होता.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी दुपारी दाजींनी आणि मी त्यांना माहेरच्या गावी नेलं. देवळाच्या मंडपात मंडळी जमलेली. तिथली रीत अशी की नकला आधी देवासमोर ठेवायच्या, नारळ फोडायचा, मग एकेकाच्या हातात द्यायच्या. देताना उजव्या हातानं. देवळात डाव्या हातानं देत नाहीत. सुदेश पुढे आला, "बाई, मी दितंय वांटून," म्हणाला. त्याचाही हेतू वाईट नव्हता. बाईंनी मान हलवली. डाव्या हातानं उजवा हात उचलला, पुढे केला, त्या अर्धवट मिटलेल्या बोटांवर बाबुशेटांची नक्कल ठेवली आणि खालून डाव्याचा आधार दिला. बाबुशेटांनी वाकून, दोन्ही हातांनी ती घेतली. पहिलं पान उघडलं, पहिली ओळ मोठ्यानं वाचली, जिथे ओळ तुटली होती तिथे श्वास घेतला आणि दुसरी ओळ वाचली. मग म्हणाले, "इंदू, बरां जालां गो." सुदेश खाली बघत होता. पुढचं नाव त्यानंच पुकारलं, आणि शेवटपर्यंत एकेक नक्कल बाईंच्या उजव्या हातावर तोच ठेवत गेला.

पुढच्या वर्षी आमचा कारखाना कोल्हापूरला हलवायचं ठरलं. मला आनंद व्हायला हवा होता. घर जवळ येणार होतं. झालाही. पण ट्रकात सामान भरताना दर थोड्या वेळानं वाटायचं, आता हाक येईल. निघायचा दिवस नेमका दसऱ्याचा. निरोप घ्यायला गेलो तर पूजा मांडलेली. कॉम्प्युटर टेबलाखाली होता, वर स्वच्छ पंचा टाकलेला, पुढे एकच झेंडूचं फूल. पाटावर विळा, कोयता, आणि त्यांच्या मधोमध तो लोहचुंबकाचा स्क्रूड्रायव्हर.

"यंदा अक्षता ह्याला," बाई मला म्हणाल्या. "हा खाऊन टाकणार नाही."

पाटापुढे बाई बसल्या होत्या, डावा हात मांडीवर, उजवा नेहमीसारखा पाटाच्या कडेवर ठेवलेला, पाट हलू नये म्हणून. दाजी सगळ्यांना हळदकुंकू लावत आले. विळ्याला लावलं, कोयत्याला लावलं, स्क्रूड्रायव्हरला लावलं. मग जराही न थांबता, पुढची वस्तू असावी तसं, त्यांनी बाईंच्या उजव्या हातालाही हळदकुंकू लावलं आणि वर फूल ठेवलं.

बाई म्हणाल्या, "ह्या हाताक कित्याक? हो खंय काम करता?"

"धरता मगे तो," दाजी म्हणाले. "तां काय काम न्हंय?"

दाजींनी चिमूटभर अक्षता घेतल्या आणि अगदी जपून, एकही दाणा बोटांच्या फटीत जाणार नाही अशा बेतानं, त्या हातावर वाहिल्या.